सेप्सिसमधील हृदयाची परीक्षा : नाडीपासून सोनोग्राफीपर्यंत

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचे जंतू रक्तात पसरले की रुग्णाचे हृदय खचते, हे त्या काळच्या डॉक्टरांना अनुभवाने माहीत होते. परंतु ते तपासण्यासाठी त्यांची मुख्य भिस्त नाडीवरची बोटे आणि स्टेथोस्कोप यांवरच होती. नब्ज पाहण्याची ही विद्या जुनी होती. इब्न सिना यांच्या ‘अल्-कानून’मध्ये नाडीच्या प्रकारांचे सविस्तर विवेचन आढळते.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद स्वतःच्याच अवयवांना इजा करतो, त्या अवस्थेला आज सेप्सिस म्हणतात. १९७० मध्ये अमेरिकेत स्वान व गांझ यांनी टोकाला फुगा असलेली नळी शिरेतून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेली. अशा नळीने हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते, हे रुग्णाच्या खाटेपाशीच मोजता येऊ लागले. सेप्सिसमध्ये हा आकडा पुष्कळदा नेहमीइतका किंवा जास्तच येई. त्यामुळे हृदय ठीक आहे, असा समज झाला.

१९८४ मध्ये मार्गारेट पार्कर व सहकाऱ्यांनी २० रुग्णांची पुनःपुन्हा तपासणी करून हा समज खोडून काढला. १० रुग्णांत डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील ४० टक्क्यांहूनही कमी रक्त बाहेर टाकत होता. आश्चर्य म्हणजे हे दहाही रुग्ण वाचले आणि सुमारे दहा दिवसांत त्यांचे हृदय पूर्ववत झाले. दगावलेल्या सातांचे आकडे मात्र वरकरणी चांगले होते. पुढील अभ्यासांत हा संबंध सर्वत्र सारखा आढळला नाही. तरी त्यामागचा एक धडा टिकून आहे. रक्तवाहिन्या सैलावल्या की हृदयावरचा भार घटतो आणि दुबळे हृदयही आकड्यांत सशक्त भासते.

म्हणूनच आज हृदयाची सोनोग्राफी एकदाच करून थांबत नाहीत. रक्तदाब, लघवीचे प्रमाण व रक्तातील लॅक्टेट यांच्या जोडीने ती पुन्हा केली जाते. भोपाळच्या अशोका गार्डनपासून मुंबईच्या मांडवीपर्यंत कोठेही काम करणाऱ्या आरोग्यसहायकाजवळ सोनोग्राफीचे यंत्र असेलच असे नाही. तथापि नाडी, श्वास आणि लघवी यांची वेळोवेळी नोंद तो निश्चित ठेवू शकतो. एका आकड्यावर विसंबू नये, हा या इतिहासाचा बोध अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावा.