खाण हिरवी झाली, माती टिकली का?

खुल्या खाणीत खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरील माती व खडकाचा थर काढून बाजूला रचावा लागतो. त्याला ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणींलगत त्याचे टेकडीएवढे ढिगारे दिसतात. कोळसा काढून झाल्यावर खड्डा भरणे, ढिगाऱ्याचा उतार कमी करणे, वर सुपीक माती पसरणे आणि गवत व झाडे लावणे, असा जमिनीच्या पुनरुज्जीवनाचा क्रम असतो.

हे काम खरोखर झाले की नाही, हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाणचालकाला खाण बंद करण्याच्या खर्चापोटी एस्क्रो खात्यात रक्कम ठेवावी लागते आणि कामाची पडताळणी झाल्यावर ती टप्प्याटप्प्याने परत मिळते. सर्वोच्च न्यायालयानेही ८ जानेवारी २०२० रोजी, खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यायोग्य करण्याची अट खाणपट्ट्यांना घालण्याचे निर्देश दिले. पडताळणी लावलेल्या रोपांच्या आकड्यावर थांबली, तर पैसे परत जातात आणि ढिगाऱ्यावरची माती मात्र दर पावसाळ्यात नाल्यात उतरत राहते.

उपग्रह काय सांगतो?

कोल इंडियाची रांचीस्थित नियोजन संस्था ‘सीएमपीडीआय’ खुल्या खाणींवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवते. वर्षाला ५० लाख घनमीटरहून अधिक कोळसा व ओव्हरबर्डन काढणाऱ्या प्रकल्पांची पाहणी दरवर्षी, तर लहान प्रकल्पांची दर तीन वर्षांनी करण्याची पद्धत तिने घालून दिली. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश परावर्तित करतात. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ‘एनडीव्हीआय’ हा हरित निर्देशांक मिळतो. तो उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर सूक्ष्मतेची चित्रे या कामी विनामूल्य वापरता येतात.

मात्र या निर्देशांकाला साग आणि घाणेरी यांतील भेद कळत नाही. श्रावणात उगवलेले गाजरगवतही त्याच्या लेखी हिरवेच असते. म्हणून पावसाळ्यानंतरचे आणि एप्रिल-मे महिन्यातील, अशी दोन चित्रे वर्षानुवर्षे त्याच सुमारास घेऊन ताडून पाहावी लागतात. उन्हाळ्यातही टिकणारे आच्छादन हीच खरी कमाई.

जमिनीवरील मोजणी

उरलेले काम पायी करावे लागते. गवतासाठी एक मीटरच्या आणि झाडांसाठी दहा मीटरच्या चौरस चौकटी आखून त्यांतील प्रजाती, आच्छादनाचे प्रमाण व जिवंत रोपे मोजतात. यात सर्वांत बोलका आकडा आपोआप रुजलेल्या रोपांचा असतो. लावलेले कडुनिंब वा शिसव जगणे हे पाणी घालणाऱ्याचे श्रेय असू शकते. पण त्यांच्या बियांतून नवी रोपे उभी राहिली, तर माती जिवंत झाली असे समजावे. शेजारच्या अबाधित जंगलातही हीच मोजणी करावी लागते, नाहीतर तुलनेला आधार राहत नाही.

धूप मोजण्याचे साधन त्याहून साधे आहे. उतारावर लोखंडी सळ्या ठोकून त्यांचा उघडा भाग पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजतात. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर थर गेला, म्हणजे दहा घनमीटर, सुमारे १४ ते १५ टन माती गेली. ओघळी आणि घळींची रुंदी व खोली वेगळी नोंदवावी लागते, कारण ढिगाऱ्यावरची बरीचशी माती त्यांतूनच वाहते. सैल ढिगारा स्वाभाविकपणे ३५ ते ३७ अंशांवर स्थिरावतो. पर्यावरण परवानगीत मात्र एकूण उतार साधारणतः २८ अंशांच्या आत ठेवण्याची अट असते. उतार तीव्र राहिला, तर पाण्याचा वेग बियाणे रुजण्याआधीच माती घेऊन जातो.

गुमगावचा धडा

नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर वेगळा मार्ग अवलंबला. साखर कारखान्यातील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी यांच्या साह्याने तेथे झाडे वाढविण्यात आली. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही संस्थेने अशाच धर्तीचा प्रयोग केला. या प्रयोगांत झाडांच्या उंचीबरोबर मातीतील सेंद्रिय कर्ब, नत्र आणि सूक्ष्मजीवही मोजले गेले. मूल्यमापनाचा हाच योग्य मार्ग होय.

बारामतीसाठी अर्थ

बारामती तालुक्यातील सांगवी परिसर बेसाल्ट खडकाचा. येथे कोळसा वा मॅंगनीज नाही. या खडकाच्या प्रदेशात रस्ते व बांधकामांसाठी मुरूम आणि दगड उकरला जातो, तेव्हा मागे उरणारी उघडी जखम त्याच जातीची असते. याच तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ माळ फोडून, चरांत माती भरून फळझाडे वाढविण्याचे प्रयोग केले आहेत. गुमगावला उपयोगी पडलेले प्रेसमड तर ऊसपट्ट्यात हाताशीच आहे.

चार सळ्या, मोजपट्टी आणि दरवर्षी त्याच जागेवरून काढलेले छायाचित्र एवढ्या साधनांवर कोणतीही ग्रामपंचायत अशा खाणीची नोंदवही ठेवू शकते. एका पावसाळ्याच्या हिरवाईवर निर्णय देऊ नये. किमान पाच पावसाळ्यांच्या नोंदी, उन्हाळ्यातले आच्छादन आणि आपोआप रुजलेली रोपे पाहूनच जमीन सावरली असे म्हणावे.