'फोर्थविथ' : एका क्रियाविशेषणाची कुळकथा

इंग्रजी कायद्यांत 'फोर्थविथ' हे क्रियाविशेषण पावलोपावली भेटते. आपण त्याचे 'तत्काळ' असे भाषांतर करून मोकळे होतो. मूळ शब्दात मात्र घाई नाही, सोबत आहे. 'फोर्थ' म्हणजे पुढे, 'विथ' म्हणजे सह. मध्ययुगीन इंग्रजीत या जोडीचा अर्थ 'बरोबरीने' असा होता. जे एखाद्या गोष्टीबरोबर घडते ते त्याच क्षणी घडते, या न्यायाने सहभावातून तात्कालिकता आली. मराठी माणसास याचे नवल वाटू नये. 'हाक ऐकताबरोबर तो उठला' असे म्हणताना आपणही 'बरोबर'कडून हेच काम करून घेतो.

कालवाचक शब्दांचे दुर्दैव असे की, माणसाची दिरंगाई त्यांना झिजवते. 'सून' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'ताबडतोब' होता. आज तो 'लवकरच' एवढाच उरला. 'प्रेझेंटली'चीही तीच गत झाली. 'फोर्थविथ'ने मात्र कायद्याच्या आश्रयाने आपली धार राखली.

ती धार किती, हा प्रश्न आपल्याच इतिहासात न्यायालयापुढे आला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पेटली असताना केशव नीळकंठ जोगळेकर व इतरांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटक झाली. आदेश १३ तारखेचा, अटक १६ ची, आणि राज्य सरकारला अहवाल गेला २१ तारखेस. कायदा तर सांगत होता की, पोलीस आयुक्तांनी तो 'फोर्थविथ' पाठवावा. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निकालात भेद स्पष्ट केला : 'शक्य तितक्या लवकर' या शब्दांत वाजवी सवडीला जागा आहे, 'फोर्थविथ'मध्ये टाळता येण्याजोगा विलंब क्षम्य नाही. तथापि दंगलींमुळे झालेला विलंब टाळता येण्याजोगा नव्हता, असे ठरवून याचिका फेटाळण्यात आली.

म्हणजे अर्थ कठोर ठरला, पण बंदिवान सुटले नाहीत. शब्दाची व्याख्या जिंकूनही खटला हरता येतो, हे वकिलास ठाऊक असते. तरीही व्याख्येचे मोल कमी होत नाही. त्या निकालानंतर विलंबाचा खुलासा देणे सत्तेला भाग पडले. 'तत्काळ'चा अर्थ 'सवडीने' होऊ न देणे हे भाषेच्या अभ्यासकाइतकेच नागरिकाचेही कर्तव्य आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या 'लवकरच' आले, त्या सीमावासीयांस हे निराळे सांगावयास नको.