न जाणवणारी ओढ

श्रोतेहो, झाडावरचा नारळ सुटला की धपकन खाली येतो. पृथ्वीने तो ओढला, हे शाळकरी पोरगाही सांगेल. पण दोन नारळ ओसरीवर शेजारी-शेजारी ठेवा आणि रात्रभर राखण करा. सकाळी दोन्ही जागच्या जागी! मग प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, असे न्यूटनने १६८७ साली लिहिले, ते खोटे की काय?

खोटे नाही. ओढ आहे, पण ती फार दुबळी. साठ-साठ किलो वजनाची दोन माणसे मीटरभर अंतरावर बसली, तर त्यांच्यातील ओढ तिळाच्या एका दाण्याच्या वजनाचा शंभरावा हिस्साही भरत नाही. पृथ्वी अवाढव्य, म्हणून तिची ओढ जाणवते. नारळाची ओढ ओसरीच्या घर्षणापुढेच हरते.

मग ती मोजायची कशी? इंग्लंडातील जॉन मिचेल या पाद्रीबुवांनी युक्ती काढली. आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे अडकवायचे आणि दांडी मध्यावर तारेने टांगायची. गोळ्यांचा भार तार पेलते. दांडी मात्र डावी-उजवीकडे फिरायला मोकळी. आता जवळ मोठे गोळे आणले की दांडी किंचित वळते, तारेला पीळ पडतो आणि त्या पिळावरून ओढ कळते. उपकरण झाले, पण प्रयोग करण्याआधीच, १७९३ साली, मिचेल वारले.

पुढे ते उपकरण हेन्री कॅव्हेंडिश यांच्या हाती आले. १७९७-९८ साली, वयाची पासष्टी उलटल्यावर, त्यांनी प्रयोग केला. एकेक मोठा गोळा सुमारे १५८ किलोचा! पण खरा शत्रू निघाला वारा. माणूस नुसता जवळ उभा राहिला, तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते, दांडी डुलते. म्हणून त्यांनी खोली बंद केली आणि स्वतः बाहेर राहून भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने पाहिले. ओढ निघाली लहान गोळ्याच्या वजनाच्या सुमारे पाच कोटींश! तिच्यावरून त्यांनी काढले की, पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन आहे. आजचा आकडा आहे ५.५१.

शिक्षकमित्रांनो, वर्गात एखादा मुलगा विचारील, “गुरुजी, मग ही ओढ मला का जाणवत नाही?” त्याला गप्प बसवू नका. दोन गोळ्यांतली ओढ मोजून दाखवायला शहाण्या माणसांनाही १११ वर्षे लागली.