छावणीतील रोगप्रतिबंध आणि ‘संमती’

लष्करातील एच.आय.व्ही.-प्रतिबंधाचा विचार बहुधा १९८६ पासून, म्हणजे भारतात ही लागण प्रथम आढळली तेव्हापासून, केला जातो. प्रश्न मात्र जुना आहे. १८६४ च्या छावणी कायद्याने पुण्यासारख्या ठाण्यांत शिपायांच्या संपर्कातील स्त्रियांची नोंदणी व तपासणी सक्तीची केली. रोगी ठरलेलीस ‘लॉक हॉस्पिटला’त डांबले जाई. ज्याच्या आरोग्यासाठी हा खटाटोप, त्या गोऱ्या शिपायावर त्या कायद्याने तपासणीचे बंधन घातले नव्हते. सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’ने या रोगास ‘फिरंग’ म्हटले होते, हे येथे सहज आठवते.

१८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या ठरावामुळे ही व्यवस्था मोडली. १८९५ पर्यंत गोऱ्या फौजेतील रुग्णप्रवेशांचे प्रमाण हजारी पाचशेंवर गेले आणि सक्तीच्या समर्थकांनी तो आपला पुरावा मानला. तो टिकत नाही. सक्ती चालू असतानाही प्रमाण वाढतच होते. शिवाय एतद्देशीय शिपायांत ते पुष्कळच कमी होते. गोऱ्या शिपायास विवाहाची परवानगी क्वचितच मिळे. उलट, माणगावच्या दक्षिणेकडील मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ महूच्या छावणीत सहकुटुंब राहत, डॉ. आंबेडकरांचा जन्म (१८९१) तेथलाच. राहणीतील हा भेद वैद्यकीय अहवालांतही नोंदला गेला, पण धोरण स्त्रियांच्या तपासणीभोवतीच फिरत राहिले.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. कायद्याने चाचणीपूर्वी ‘माहितीपूर्ण संमती’ सर्वसाधारणपणे आवश्यक ठरविली. १८६४ च्या कायद्यात नोंदलेल्या स्त्रीच्या संमतीस जागाच नव्हती.