आहारबंधन–अतिभक्षण चक्र

कठोर आहारबंधन, त्यानंतर ताबा सुटून होणारे अतिभक्षण आणि अपराधी भावनेतून पुन्हा वाढवलेले बंधन, अशी आवर्तने असलेली खाण्याची पद्धती.

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही काहींची खा-खा शमली नाही. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये अतिभक्षणाचे, तर जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचे वर्णन केले (→ बुलिमिया). अतिभक्षण विकाराला अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात २०१३ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले.

जेवण टाळणे, वर्ज्य पदार्थांची यादी वाढणे, एकट्याने घाईघाईने पोटाला तडस लागेपर्यंत खाणे आणि नंतरची शरम ही प्रमुख लक्षणे. उपासमारीत तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते व भूक तीव्र होते. त्यामुळे या चक्राला केवळ मनाचा दुबळेपणा मानणे चूक ठरते.

जळगाव-धुळे भागात एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवारचे उपवास आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुरणपोळी, कानबाईचे रोट, हिवाळ्यातील भरीत हे एकाच वार्षिक क्रमात येतात (→ कानबाई, → खानदेश). धार्मिक उपवास हा विकार नव्हे. त्याला ठरलेला काळ असतो. मात्र वजनाच्या भीतीने उपवास वाढवले, तर व्रताच्या आडोशाने हे चक्र घरच्यांच्या नजरेतून सुटू शकते. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींना अशी उपासमार धोक्याची असते (→ मधुमेह).

नियमित अंतराने पुरेसे जेवण व बोधात्मक वर्तनोपचार हे मुख्य उपचार होत. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेवर (१४४१६) मराठीतून सल्ला मिळतो.