पेन ड्राइव्ह हरवला आणि मी गप्प बसलो

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर जिममध्ये. आधी एक काम करा. फोन तर जागेवर आहेच, त्यावरच तर ऐकताय. पण बॅगेचा तो छोटा कप्पा उघडून बघा बरं. जुना पेन ड्राइव्ह, एखादं मेमरी कार्ड, कुणाचीतरी हार्ड डिस्क? आणि त्यात काय काय आहे ते आठवतंय का?

मला आठवत नव्हतं, आणि त्यामुळे माझी पहिली नोकरी जाता जाता राहिली. तिथूनच सुरुवात करतो, मग इतिहासात जाऊ.

बीटेक होऊन मी पुण्यात कामाला लागलो त्याला सात-आठ महिने झाले होते. एका क्लायंटचा रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता आणि मला शुक्रवारी साताऱ्याला घरी जायचं होतं. घरचं नेट म्हणजे आनंदीआनंद, व्हीपीएन दर पाच मिनिटांनी तुटायचं. म्हणून मी शहाणपणा केला. डेटाबेसमधला लागणारा भाग एका फाइलमध्ये काढला, पेन ड्राइव्हवर टाकला आणि एसटीत बसलो. फाइलमध्ये काही हजार लोकांची नावं, मोबाइल नंबर, जन्मतारखा. पासवर्ड वगैरे काही नाही. कशाला? खिशातच तर आहे!

सातारला उतरल्यावर बाबांच्या एका अर्जाची प्रिंट काढायची होती. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, अर्जही त्याच पेन ड्राइव्हवर होता. प्रिंट घेतली, पैसे दिले, घरी आलो. रात्री आठ वाजता लॅपटॉप उघडला आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा.

दुकान तोवर बंद झालं होतं. शनिवारी सकाळी गेलो, तर शटरवर पाटी: लग्नानिमित्त दोन दिवस दुकान बंद. आणि मग मी काय केलं? काहीच नाही. कुणालाही फोन केला नाही. सोमवारी दुकान उघडेल, पेन ड्राइव्ह मिळेल, कुणाला कळणारही नाही, असं स्वतःला समजावत दोन दिवस काढले.

आता ही गोष्ट इथेच ठेवू आणि १९१४ सालात जाऊ.

२६ ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध सुरू होऊन महिनाही झालेला नाही. बाल्टिक समुद्रात दाट धुकं आहे आणि माग्देबुर्ग नावाची जर्मन क्रूझर ओडेन्सहोल्म बेटाजवळच्या खडकावर जाऊन बसते. हे बेट आज एस्टोनियात आहे. जहाज काही केल्या हलेना, आणि समोरून रशियन जहाजं येतायत.

जहाजावर सगळ्यात महागाची वस्तू कुठली, तोफा? नाही, एक पुस्तक. जर्मन आरमाराचं सांकेतिक पुस्तक. वायरलेसवरून जाणारे संदेश कसे लिहायचे आणि कसे वाचायचे, ते सगळं त्यात होतं. म्हणजे बघा, त्या काळचा हा पोर्टेबल डिव्हाइसच. ऑफिसची सगळी गुपितं एका जड वस्तूत, आणि ती वस्तू फिरतीवर. ती शत्रूच्या हाती जाऊ शकते हे जर्मनांना माहीत नव्हतं असं नाही. म्हणून पुस्तकाच्या पुठ्ठ्यात शिसं भरलेलं असायचं. वेळ आली की समुद्रात फेकायचं, ते थेट तळाला. आपण आज ज्याला रिमोट वाइप म्हणतो, त्याचा हा पणजोबा!

पण त्या दिवशी गडबड झाली. कुणी कागद जाळतंय, कुणी स्फोटकं लावतंय, कुणी होडीत उतरतंय. या सगळ्यात रशियनांच्या हाती एक सोडून तीन प्रती लागल्या. त्यातली १५१ क्रमांकाची प्रत त्यांनी दोस्त राष्ट्राला, म्हणजे ब्रिटनला दिली. ऑक्टोबरमध्ये ती लंडनला पोचली आणि ब्रिटिश आरमाराच्या ‘रूम ४०’ या विभागातली माणसं जर्मन संदेश वाचायला लागली.

आता नीट ऐका. जहाज गेलं हे जर्मनांना माहीत होतं. पुस्तकही गेलं असेल अशी शंका काही अधिकाऱ्यांना आली होती. तरीही ते पुस्तक लगेच रद्द झालं नाही, पुढे दोन वर्षांहून जास्त काळ वापरात राहिलं. सगळ्या आरमाराला नवीन पुस्तक द्यायचं म्हणजे केवढा उपद्व्याप! त्यापेक्षा ‘बुडालं असेल’ असं मानणं सोपं. साताऱ्यात मीही नेमकं तेच मानत होतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर आणखी डोकं लावलं होतं. तिथली काही गुप्त पुस्तकं गुलाबी कागदावर लाल शाईनं छापलेली असायची आणि ती शाई पाण्यात विरघळायची. भिजलं की कोरं. पण ९ मे १९४१ ला यू-११० ही पाणबुडी ब्रिटिशांनी पकडली तेव्हा ती बुडणारच असं समजून जर्मन खलाशी तशीच सोडून निघाले होते. ती काही लगेच बुडाली नाही. ब्रिटिश खलाशी आत उतरले आणि एनिग्मा यंत्र आणि कागदपत्रं कोरडीच्या कोरडी वर घेऊन आले.

आणि ब्रिटिशांनी पुढे सगळ्यात जास्त काळजी कशाची घेतली? ही गोष्ट जर्मनांना कळू नये याची! पाण्यातून बाहेर काढलेल्या जर्मन खलाशांना घाईघाईनं खाली नेलं, म्हणजे त्यांना काही दिसू नये. कारण साधं आहे. ज्याचं गेलंय त्याला कळलं की तो किल्ली बदलतो. कळलंच नाही, तर जुन्याच किल्लीनं कुलूप उघडत राहतं. चोरी लपून राहण्यात फायदा असतो तो चोराचा. हे वाक्य मला त्या शनिवारी कुणी सांगितलं असतं तर!

आता थेट २००६. अमेरिका. तिथल्या माजी सैनिकांसाठी एक मोठं सरकारी खातं आहे. तिथला एक विश्लेषक कामासाठी डेटा घरी न्यायचा, असं बरीच वर्षं चाललं होतं. ३ मे २००६ ला मेरीलँडमधल्या त्याच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप गेला आणि एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कवर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी नंबर. एन्क्रिप्शन? नाही.

एक गोष्ट मात्र आहे. त्या माणसानं चोरीबद्दल वरच्यांना लगेच सांगितलं होतं. गप्प बसले ते वरचे. खात्याच्या मंत्र्यांपर्यंत बातमी पोचली १६ मे ला, म्हणजे तब्बल १३ दिवसांनी. ज्यांचा डेटा होता त्या सैनिकांना कळलं २२ मे ला. जून अखेरीस लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही सापडलं आणि डेटा कुणी उघडलेला नाही असं एफबीआयनं सांगितलं. नशीबच म्हणायचं. तरी खटले झाले आणि २००९ मध्ये २ कोटी डॉलर देऊन ते मिटवावे लागले. डेटा परत मिळूनसुद्धा!

पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये. ऑक्टोबर २००७. तिथल्या कर खात्यानं मुलांच्या भत्त्याचा सगळा डेटा ऑडिट कार्यालयाला पाठवला, दोन सीडींवर. अडीच कोटी माणसं, सव्वासात दशलक्ष कुटुंबं, बँक खात्यांसकट. पासवर्ड होता, पण एन्क्रिप्शन नव्हतं. पाकीट साध्या अंतर्गत टपालानं गेलं, ना नोंद ना ट्रॅकिंग. ते पोचलंच नाही. मग दुसऱ्यांदा सीडी काढून नोंदणीकृत टपालानं पाठवल्या, त्या पोचल्या. पहिल्या दोन आजतागायत सापडलेल्या नाहीत. २० नोव्हेंबरला अर्थमंत्र्यांनी संसदेत उभं राहून ही कबुली दिली आणि खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ऑडिटवाल्यांना बँकेचे तपशील नकोच होते. ते काढून छोटी फाइल द्या, असं त्यांनी आधीच सुचवलं होतं. पण वेगळी फाइल काढायची म्हणजे जादा काम, जादा खर्च. म्हणून सगळंच पाठवून दिलं. माझ्या रिपोर्टलाही मोबाइल नंबर लागणार नव्हते, मंडळी. ते कॉलम वगळायला मला दहा सेकंद लागली असती.

या प्रकरणांनंतर जग हललं. अमेरिकी सरकारनं जून २००६ मध्येच सगळ्या खात्यांना सांगितलं की फिरत्या कॉम्प्युटरवरचा डेटा एन्क्रिप्ट करा. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत बिटलॉकर आलं. आयफोनमध्ये २००९ च्या थ्रीजीएसपासून हार्डवेअर एन्क्रिप्शन आलं. अँड्रॉइडमध्ये २०१४ ला वर्क प्रोफाइल आलं, म्हणजे ऑफिसची ॲप्स वेगळ्या खोलीत आणि तुमचे फोटो वेगळ्या खोलीत. ऑफिसनं त्यांची खोली पुसली तरी तुमच्या ट्रेकचे फोटो जात नाहीत. त्यामुळे एचआर वर्क प्रोफाइल टाका म्हणाले तर लगेच नाक मुरडू नका.

थोडक्यात, शिशाचा पुठ्ठा आणि विरघळणारी शाई आता फोनच्या आतच येते. चालू ठेवायची की नाही, एवढंच आपल्याकडे आहे.

आता परत साताऱ्याला, म्हणजे खरं तर पुण्याला. सोमवारी पहाटेची एसटी पकडली, कारण दुकान उघडेपर्यंत थांबलो असतो तर ऑफिस बुडलं असतं. दहा वाजता लीड मॅडमच्या समोर उभा राहिलो. पोटात गोळा आला होता. म्हटलं, “मॅडम, पेन ड्राइव्ह हरवलाय. क्लायंटचा डेटा होता.” मला वाटलं, आता ‘कसा हरवला’ म्हणून ओरडा बसणार. त्यांनी विचारलं, “कधी?”

“शुक्रवारी रात्री.”

त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “हरवतं रे माणसाच्या हातून. पण ६२ तास? शुक्रवारी रात्री सांगितलं असतंस तर मी रात्रीच क्लायंटला फोन केला असता. आता मी त्यांना काय सांगू?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही.

दुपारी धाकटा भाऊ दुकानात गेला. काकांनी काउंटरखालून बरणी काढली, बिस्किटांची असते ना तशी. आत वीस-पंचवीस पेन ड्राइव्ह. “ह्यातला कुठला तुमचा बघ,” म्हणाले. लोक विसरून जातात, ते जपून ठेवतात. माझाही त्यातच होता. भल्या माणसाच्या दुकानात विसरलो म्हणून वाचलो, यात माझी हुशारी शून्य. आणि मिळाला म्हणजे कुणी कॉपी केला नाही असं होत नाही. क्लायंटला कळवावंच लागलं. मला लेखी ताकीद मिळाली, त्या प्रोजेक्टवरून काढलं, आणि मॅडमना माझ्यासाठी दोन मीटिंगमध्ये माफी मागावी लागली. ताकीद मी विसरलो, ती माफी नाही विसरलो.

आज नियम कडक आहेत. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा नीट न सांभाळल्याबद्दल कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि घटना कळवली नाही तर त्यासाठी वेगळा, २०० कोटींपर्यंत. म्हणजे हरवणं आणि लपवणं या कायद्याच्या लेखीही दोन वेगळ्या चुका आहेत.

तर मंडळी, आज झोपण्याआधी तीन गोष्टी करा. लॅपटॉपचं डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. फोनमधली हरवलेला फोन शोधायची सोय चालू आहे का ते बघा. आणि काही हरवलं तर ऑफिसमध्ये रात्री बारा वाजताही कुणाला फोन करायचा, तो नंबर आत्ताच काढून ठेवा. तोही फक्त फोनमध्ये नको, कारण हरवणार तो फोनच! कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा.

माझ्या पाकिटात आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.