खाडीकाठचा एकांत कोणाचा?

साष्टी हे बेट आहे, याचा घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्याला विसर पडतो. कापूरबावडीकडून गायमुखकडे जाताना एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हासची खाडी. हा रस्ता त्या बेटाच्या उत्तर कडेनेच जातो. आता तिथे मनोरे उभे आहेत, अवजड ट्रकांची रांग आहे, डोक्यावर मेट्रोचे खांब आहेत. तरीही येऊरमधल्या झाडीतल्या बंगल्यांची ओढ कमी झालेली नाही. शनिवार-रविवार शहरापासून दूर, कोणाचा आवाज कानी पडणार नाही अशा घरात राहावे, ही इच्छा अगदी माणसासारखी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. स्कॉटलंडच्या एखाद्या बेटावरचे दगडी घर आठवड्यासाठी भाड्याने घेणारेही हीच इच्छा घेऊन जातात. पण अशा घराभोवतीची शांतता निसर्गाने दिलेली असते, हे मला मान्य नाही. ती शांतता इतिहासाने घडवलेली असते. जमीन कोणाच्या नावावर झाली, कोणाला हलवले गेले, कोणाचा वावर बेकायदा ठरला, यावर ती उभी असते.

साष्टीत हा प्रकार किमान साडेतीनशे वर्षांचा आहे. १५३४च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी इथली गावेच्या गावे ठरावीक वार्षिक भरणा घेऊन आपल्या सरदारांना लावून दिली. सतराव्या शतकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून होडीने ठाण्यामार्गे कल्याणला गेला. ठाण्याच्या पुढे खाडीच्या दोन्ही काठांवर पोर्तुगीज सरदारांच्या ऐटदार वाड्या आणि हवेल्या लागतात आणि कल्याण मैलभरावर आले की शिवाजी महाराजांचा मुलूख सुरू होतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या पाण्याचे दर्शन आज घरांच्या किमतीत धरले जाते, त्याच पाण्याकाठी तेव्हाही मोठ्यांची विसाव्याची घरे होती. त्या हवेल्यांचा खर्च गावातल्या कुळांच्या भातावर चालत होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली आणि ते सरदार गेले. १७७४ मध्ये इंग्रज आले. मालक बदलले, पण गाव एखाद्याच्या नावे लावून देण्याची पद्धत टिकली: १८३० मध्ये बैरामजी जीजीभाई यांना साष्टीतली गावे मिळाली. अशा इनामी इस्टेटींची महसूलमाफी स्वतंत्र भारतात, १९५१च्या कायद्याने संपली.

खरी कलाटणी मात्र शेतजमिनीवर नव्हे, जंगलात मिळाली. १८७८च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातले डोंगर राखीव होऊ लागले. वारली, ठाकूर, कातकरी आणि कुणबी यांच्या भात-नाचणीच्या शेतीला राब लागतो. झाडांच्या फांद्या, पाला आणि शेण रोपांच्या वाफ्यावर पसरून जाळल्याशिवाय रोप धरत नाही. वनखाते म्हणू लागले, फांदी तोडणे हा गुन्हा. जिल्ह्यात एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याच सुमारास त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला असाच एक आयोग बसला होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर जमीनदारांनी मेंढ्यांसाठी, नंतर शिकारीच्या रानांसाठी, पिढ्यान्‌पिढ्यांची कुळे हुसकावली होती. १८८२ मध्ये स्काय बेटावर कुळे आणि पोलीस यांची चकमक झाली. पुढच्या वर्षी चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड नेपियर, म्हणजे १८६६ ते १८७२ या काळात मद्रासचे गव्हर्नर राहिलेले गृहस्थ. आयोगाच्या कामातून १८८६चा कायदा झाला. छोट्या कुळाला जमिनीवरून काढता येणार नाही, खंड वाजवी असेल, कूळहक्क वारसाला जाईल, असे हक्क त्याने दिले. ठाण्याच्या आयोगाच्या पदरात हक्क पडले नाहीत, पडल्या त्या सवलती. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. माझ्या मते घोडबंदरच्या डोंगरांचा पुढचा सारा इतिहास या फरकात साठला आहे.

यावर सरळ आक्षेप येईल की ही तुलनाच चुकीची आहे. स्कॉटिश बेटे ओस पडली. सेंट किल्डाचे उरलेले छत्तीस रहिवासी तर २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडून गेले. साष्टीवर मात्र माणसांचा महापूर आहे. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे आणि मला तीच महत्त्वाची वाटते. तिकडे माणसे गेली आणि घरे उरली. त्या घरांपैकी कित्येक आज पाहुण्यांसाठी सजतात. इकडे माणसे राहिली, पण त्यांचा त्या जागेवरचा शब्द गेला. येऊरच्या पाड्यांवर वारली आजही राहतात. बंगल्याची राखण, बागकाम, धुणीभांडी तेच करतात. पाहुण्याच्या लेखी मात्र ते त्या एकांताचा भाग असतात, त्या जागेचे धनी नसतात.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. कडक कायदा नसता तर मुंबई-ठाण्याच्या मधोमध १०३ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान उरलेच नसते. हे निर्विवाद आहे. मुंबई पर्यावरण कृती गटाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला नसता, तर डोंगर आणखी पोखरला गेला असता. हे जंगल वाचले याचे मोल ठाणेकर दर उन्हाळ्यात अनुभवतात. पण कायद्याची धार सगळ्यांवर सारखी पडत नाही. १९५०च्या दशकातल्या नोटिशींच्या जोरावर इथल्या खासगी जमिनी वन ठरवल्या गेल्या, तेव्हा कागदपत्रे आणि वकील असलेल्या मालकांना वर्षानुवर्षे लढता आले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांना दिलासा मिळाला. तो निकाल योग्यच असेल. पण ज्याच्या आजोबाकडे राबाची सवलत होती आणि सातबारा कधीच नव्हता, त्याला अशी वाट पाहणे परवडत नाही. जंगल राखण्याला माझा विरोध नाही. राखण्याचा भार कमजोरावर आणि राखल्याचा आनंद सधनावर, ही वाटणी मला मान्य नाही.

पाहुण्यांमुळे रोजगार मिळतो, हा तिसरा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. माथेरान त्याची चांगली कसोटी आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या डोंगरावर चढले आणि साहेबांच्या हवापालटाचे गाव जन्माला आले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर गेली, तरी पाहुण्यांचे ओझे माणसांनी आणि घोड्यांनी वाहिले. मोटारबंदीमुळे तिथली शांतता टिकली, म्हणजे एकांत नियमाने राखता येतो हे माथेरानने दाखवले. काम मिळते हेही दाखवले. पण पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाहून वाहणाऱ्याचा बंगला झाला नाही, कारण मजुरी मिळणे आणि जागेवर हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मला एग या छोट्या स्कॉटिश बेटाचे उदाहरण जवळचे वाटते. १९९७ मध्ये तिथल्या रहिवाशांनी वर्गणी जमवून बेट विकत घेतले. पाहुणे तिथे आजही येतात, पण घर कोणाला द्यायचे हे आता बेटावरची माणसे ठरवतात. आपल्याकडे २००६चा वनहक्क कायदा आहे आणि राष्ट्रीय उद्यानेही त्याच्या कक्षेत येतात. अडचण अशी की त्याची सगळी रचना ग्रामसभेवर बेतलेली आहे आणि येऊर महापालिकेच्या हद्दीत आहे. ही अडचण प्रशासनाने ठरवले तर सुटण्यासारखी आहे: पाड्यांची सभा हीच ग्रामसभा धरावी, तिचे दावे तपासावेत, आणि डोंगरात पाहुण्यांनी मुक्काम करायचा की नाही, केला तर किती जणांनी आणि कोणाच्या घरी, हे तिला ठरवू द्यावे. बोरिवलीकडून डोंगराखालून येणारा बोगदा पूर्ण झाला की येऊरचा पायथा पश्चिम उपनगरांपासून काही मिनिटांवर येईल. दावे त्याआधी निकाली निघाले पाहिजेत.